१ लाख ८६ हजार पळालेली डिझायर घ्यावी का? (सातारा)

कोरेगावचा_मास्तर

नमस्कार मंडळी, गाडीतलं मला काही कळत नाही हे आधीच सांगतो, बोनेट उघडलं तर काच पुसायचं पाणी कुठं भरायचं एवढंच ओळखू येतं.

रोज शाळेला बाईकनं जातो, ते तसंच चालू राहणार आहे. पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेत झालंय आणि महिन्यातनं दोन खेपा तिकडं होतात, एसटीत आता तिला बसवत नाही आणि दरवेळी भाड्याची गाडी परवडत नाही. बायकोचं माहेर तासगाव, त्यामुळं त्याच रस्त्यावर ते पण होऊन जातं. सगळं धरून महिन्याला सातशे किलोमीटर होतील. पतसंस्थेतनं काढून आणि थोडे साठवलेले असे साडेतीन लाख आहेत, त्याच्या वर जायचं नाही.

दोन गाड्या बघितल्यात, दोन्ही डिझायर डिझेल व्हीडीआय. पहिली कराडची, एमएच ५०, २०१३ चं पासिंग, एकच मालक. औषध कंपनीत एमआर होते, आता रिटायर झालेत. १,८६,००० किमी झालेत. २ लाख ९० हजार सांगतायत. बंपरला दोन ओरखडे, ड्रायव्हर सीट बसलेली, दिसायला थकलेली वाटते. सर्व्हिसच्या पावत्यांची फाईल आहे त्यांच्याकडं, मी उघडून बघितली नाही खरं तर, मला त्यातलं काय कळणार म्हणून.

दुसरी साताऱ्यातच एका गाड्यांच्या डीलरकडं, एमएच १२, २०१४ ची, सेकंड ओनर, फक्त ६८,००० किमी, अगदी नवीन असल्यासारखी चकाचक. ३ लाख ६० सांगतोय, साडेतीनला देईल.

घरात सगळ्यांचं मत दुसरी घ्या असं आहे. मेहुणा म्हणतो पावणेदोन लाखाच्या वर गेलेली डिझेल गाडी म्हणजे म्हातारी म्हैस, दूध कमी आणि वैरण जास्त. मला पण आकडा बघूनच धडकी भरते. पण एका सहकाऱ्यानं सांगितलं इथं विचार, म्हणून विचारतोय. १,८६,००० म्हणजे खरंच संपलेली गाडी असते का?

पोरगं_पवईनाक्याचं

सर नवीन घ्या की ईएमआयवर. जुनी गाडी म्हणजे मिस्त्रीच्या पोराची फी.

हिशेबी_वाईकर

वरच्याला उत्तर देत नाही, साडेतीन लाखात नवीन येत नाही आणि मास्तरांनी कर्ज काढायचं विचारलेलं नाही.

मास्तर, आकडा बघून घाबरू नका, आधी आकड्याला भागाकार लावा. १,८६,००० भागिले बारा वर्षं म्हणजे वर्षाला साडेपंधरा हजार. कराडच्या एमआरनं वर्षाला साडेपंधरा हजार चालवली यात नवल काहीच नाही, उलट कमीच म्हणीन. आणि ते किमी कुठं झाले असतील? कराड सांगली, कराड सातारा, कोल्हापूर, हायवेवर चौथ्या पाचव्या गिअरमध्ये. समजा सरासरी ताशी ५० चा वेग, म्हणजे इंजिन चाललं ३,७२० तास. आता ती एमएच १२ वाली, पुण्याची घ्या. पुण्यातल्या ट्रॅफिकमध्ये सरासरी १८ चा वेग धरा (सिंहगड रोडवाले म्हणतील १८ पण जास्त झालं), तर ६८,००० किमीला इंजिन चाललं ३,७७० तास. म्हणजे इंजिनाच्या दृष्टीनं दोन्ही गाड्या सारख्याच म्हाताऱ्या. वर पुण्यातलीनं क्लच किती वेळा दाबला असेल, ब्रेक किती मारला असेल ते वेगळंच. किलोमीटरला कागदावर वजन आहे पण गाडी झिजते ती तासांनी, थंड इंजिनावर चालवल्यानं आणि वेळेवर ऑइल न बदलल्यानं.

आणि हे सगळं ते ६८,००० खरे असतील तर. ११ वर्षात ६८,००० म्हणजे वर्षाला सहा हजार. वर्षाला सहा हजार चालवणारा माणूस डिझेल गाडी कशाला घेईल हा पहिला प्रश्न डीलरला विचारा. कोण घेतो असा, असतातही काही, पण विचारा.

दुसरा मुद्दा. तुम्ही स्वतः डिझेल का घेताय? महिन्याला सातशे म्हणजे वर्षाला ८,४००. डिझेल ९१ रुपये आणि एव्हरेज १९ धरलं तर वर्षाला ४०,२०० रुपये. तेवढ्याच बजेटमधली पेट्रोल गाडी १६ देईल, पेट्रोल १०४ धरलं तर ५४,६००. फरक १४ हजार. हे १४ हजार वाचतात खरे, पण जुन्या डिझेलचे दोन इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे) गेले की दोन वर्षांची बचत त्यातच. तुमचं रनिंग बरोबर काठावर आहे. महिन्याला तीनशे असतं तर मी डोळे झाकून पेट्रोल सांगितलं असतं. दोन हजार असतं तर डिझेल. सातशेला गाडी कुठली चांगली मिळते त्यावर ठरवायचं, इंधनावर नाही. (पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं हे पण लक्षात ठेवा, २०१३-१४ च्या गाड्या त्या हिशेबानं बनवलेल्या नाहीत. आपल्याच उसाचं आहे म्हणून गप्प बसायचं.)

मिस्त्री_माधवनगर

मास्तर मी सांगलीत २२ वर्षं गॅरेज चालवतोय, लिहायची सवय नाही चुकलं तर सांभाळून घ्या.

हे १.३ चं इंजिन, फियाटचं मल्टिजेट, १२४८ सीसी. ह्याला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. लोकं म्हणतात चेन आहे म्हणजे आयुष्यभर बघायला नको, ते खोटं. चेनचा टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारा भाग, ऑइलच्या प्रेशरवर चालतो. ज्यानं ऑइल वेळेवर बदललं त्याची चेन दोन लाख जाते, अडीच पण गेलेली बघितलीय, आणि ज्यानं दहा हजार किमीला बदलायचं ऑइल पंचवीस हजारला बदललं त्याची लाखातच खडखडायला लागते. तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात मग हेड खोलायचं, खर्च गाडीच्या किमतीच्या बरोबरीला जायला लागतो. म्हणून फाईल उघडा. तुम्ही म्हणताय मला काय कळणार, अहो तुम्ही मास्तर आहात, हजेरी बघता तसं बघा. तारीख, किमी, ऑइल. तारीख, किमी, ऑइल. मध्ये कुठं गैरहजर दिसतंय का.

आता गाडी बघायला जायचं कसं ते सांगतो. सकाळी जायचं, सात वाजता, आणि मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं की मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवायचा. गरम असेल तर घरी परत या, किंवा चहा पिऊन दुसऱ्या दिवशी या. थंड असेल तर एकानं गाडी चालू करायची आणि तुम्ही पुढं उभं राहून ऐकायचं. पहिले दोन तीन सेकंद साखळी डब्यात हलवल्यासारखा आवाज आला आणि मग बंद झाला, तर चेन आणि टेन्शनर कामाला आलेत असं धरा. ते काही गाडी सोडून देण्याचं कारण नाही, चेन किट मजुरीसकट पंधराएक हजारात होतं साधारण, तेवढे किमतीत कमी करून मागा. पण आवाज गेलाच नाही, चालूच राहिला, तर नका घेऊ.

मग इंजिन चालू असतानाच ऑइल टाकायची टोपी खोलायची आणि उलटी करून तिथंच तोंडावर नुसती ठेवायची. थोडी थरथरली तर चालतंय. उडाली किंवा खालनं धूर भसाभस यायला लागला तर इंजिन बॅक मारतंय, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. मागं सायलेन्सरला बघा, निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा थोडा जोरात ॲक्सिलेटर दिल्यावर येतोच डिझेलला. पांढरा थंडीत सकाळी येतो आणि जातो, गाडी गरम झाल्यावर पण येत राहिला तर काय तरी गडबड हाय.

क्लचसाठी, मोकळा रस्ता बघून ४० च्या स्पीडला चौथ्या गिअरमध्ये टाका आणि एकदम ॲक्सिलेटर दाबा. काटा आरपीएमचा पळाला आणि गाडी जागची तशीच, म्हणजे प्लेट घसरतेय. मैदानात स्टेरिंग पूर्ण एका बाजूला वळवून गोल फिरवा, चाकाजवळ कटकटकट आलं तर ॲक्सलचा जॉइंट. बाकी सस्पेन्शनचं लोअर आर्म, लिंक रॉड, बुश ही किरकोळ कामं, आपल्या रस्त्यावर कुठल्या गाडीला नसतात सांगा.

दोन तीनशे रुपये देऊन कुणाकडनं तरी स्कॅनर लावून घ्या आणि जमलं तर इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करून घ्या. चारी बाटल्यात डिझेल सारखं आलं पाहिजे, एकात जास्त आलं तर तो इंजेक्टर थकलाय.

आणि गाडी कितीला पण घ्या, पन्नास हजार बाजूला ठेवून घ्या. सगळं बजेट गाडीत घालू नका. टायर, बॅटरी, क्लच, चेन, ह्यातलं काय ना काय पहिल्या वर्षात निघणारच.

कृष्णाकाठची_लेक

मिस्त्री काकांनी सगळं सांगितलंय, मी एकच गोष्ट जोडते कारण ती आमच्यावर बेतली होती. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात गाडी घेताय तर ती पुरात होती का हे बघाच. पुण्याचं पासिंग आहे म्हणून गाफील राहू नका, पासिंग कुठलंही असलं तरी गाडी कुठं उभी होती ते आरसीवर लिहिलेलं नसतं.

ऑगस्ट २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. आमचं घर गावभागात. पाणी येणार म्हणून माणसं बाहेर पडलो, जनावरं काढली शेजाऱ्यांची, गाडी मात्र अपार्टमेंटच्या पार्किंगमध्येच राहिली कारण तोवर रस्त्यावर कमरेएवढं झालं होतं. सहा दिवस ती बुडालेली होती, टपाच्या वर पाणी. विम्यात टोटल लॉस झाली, पैसे मिळाले, गाडी ते घेऊन गेले, विषय संपला असं आम्हाला वाटलं.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी भावाला गाडी बघायची होती म्हणून ऑनलाईन जाहिराती चाळत होतो तर एका जाहिरातीतला नंबर ओळखीचा वाटला. आमचीच! नवीन सीट कव्हर, नवीन मॅट, वरनं पॉलिश. माझ्या मुलीनं मागच्या काचेवर फुलपाखराचं स्टिकर चिकटवलं होतं, ते काढून टाकलेलं पण फोटो मोठा करून बघितला तर काचेवर फुलपाखराच्या आकाराचा मळकट डाग तसाच. "वेल मेंटेन्ड, डॉक्टर यूज्ड" असं लिहिलेलं. आमच्या घरात डॉक्टर कुणी नाही.

तर बघायचं काय. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढायचा, अगदी शेवटपर्यंत, शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ असते, ती कुणी धूत नाही. डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खालचा खड्डा बघायचा. पायाखालचा गालिचा कोपऱ्यातनं उचलून हात घालायचा, ओलसर वास किंवा बारीक गाळ लागतो का. सीटच्या खाली जे लोखंडी रूळ असतात त्यावर गंज. आणि हेडलाईटच्या आत धुकं धरल्यासारखं दिसतंय का. विमा कंपनीकडनं जुन्या क्लेमची माहिती मागता आली तर ती पण घ्या.

पोरगं_पवईनाक्याचं

डॉक्टर यूज्ड 😂 आमच्याकडं सगळ्या गाड्या डॉक्टरांच्या नाहीतर लेडीज ड्रिव्हन असतात. एक पण गाडी वाळूच्या धंद्यातली विकायला नाही.

कागदवाला

गाडीचं बाकीच्यांनी सांगितलं, मी कागदाचं सांगतो, आरटीओची कामं करतो.

२०१३ चं पासिंग म्हणजे आरसी २०२८ पर्यंत. मग फिटनेस करून पाच वर्षांसाठी रिन्यू होते, कारची फी ५ हजार (२०२२ च्या एप्रिलपासून, आधी ६०० होती) आणि वर पर्यावरण कर. होते, अडचण काही नाही. लोकं दिल्लीचं ऐकून घाबरतात की डिझेल दहा वर्षांनी भंगारात, तो नियम दिल्ली एनसीआरचा आहे, सातारा सांगलीत नाही. उलट त्याच्यामुळं दिल्लीच्या गाड्या स्वस्तात इकडं येतात, तुम्हाला कुणी दाखवली तर एनओसी, इथला रोड टॅक्स, नवीन नंबर हे सगळं धरूनच हिशेब करा.

गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की काम झालं असं समजू नका. डीलर म्हणेल सह्या आहेत, सावकाश करू नावावर. करू नका तसं. आरसीवर ज्याचं नाव तो मालक, अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, सुप्रीम कोर्टानं २०१८ ला हेच सांगितलंय. म्हणजे कराडच्या त्या काकांना पण तुमच्याइतकीच घाई असायला पाहिजे. विकणाऱ्यानं १४ दिवसात आरटीओला कळवायचं. विमा पण तेवढ्याच दिवसात नावावर करून घ्या. त्यांचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो गाडीचा नाही, त्यामुळं प्रीमियमचा फरक भरावा लागेल.

आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा. कर्ज फेडलेलं असतं पण एचपी (आरसीवरची बोजाची नोंद) काढायची राहून जाते, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो, आणि दहा वर्षांनी बँकेत एनओसी मागायला गेलं की काय होतं ते मी सांगत नाही. थकलेले ई-चलन बघा. नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीय का बघा, २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना लागते.

आणि एक, हे कागदाचं नाही. व्हीडीआयला एअरबॅग नाहीत. ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली १ जुलै २०१९ पासून. आईला घेऊन हायवेनं जाणार आहात म्हणून सांगितलं, पुढं तुमचं तुम्ही ठरवा.

कोरेगावचा_मास्तर

सगळ्यांचे आभार. काल आणि आज दोन्ही गाड्या परत बघितल्या, लांबलचक होईल पण लिहितो.

आधी डीलरची. मी काहीच बोललो नाही, नुसतं दार उघडून बसलो. ब्रेकच्या पेडलचं रबर कोरं करकरीत. गिअरच्या मुठीवरचे १ आणि २ हे आकडे मात्र पुसून गेलेले, ५ आणि आर स्पष्ट. सीट कव्हर थोडं वर करून बघितलं तर आतलं मूळ कापड फाटून स्पंज बाहेर आलेला. तरी मला वाटलं असेल काही. मग ड्रायव्हरचं दार पूर्ण उघडलं तर दाराच्या आतल्या कडेला, जिथं टायरच्या हवेचा तक्ता असतो त्याच्या खाली, कुठल्या तरी गॅरेजचं ऑइलचं स्टिकर खरवडून काढलेलं होतं. अर्धवट खरवडलेलं. नाव गेलेलं, तारीख गेलेली, पण खालच्या ओळीत "पुढील ऑइल" आणि त्याच्यापुढं पेनानं लिहिलेलं १,३१, एवढं राहिलं होतं. मीटरवर ६८ हजार.

मी त्याला म्हटलं हे काय. तो म्हणाला सर ते दुसऱ्या गाडीचं दार आहे. मी म्हटलं मग ह्या गाडीचं दार कुठं गेलं? त्यावर तो चहा सांगायला गेला तो आलाच नाही, पोऱ्याला पाठवलं. आयुष्यात पहिल्यांदा मेहुण्यासमोर मी बरोबर ठरलो.

आज सकाळी पावणेसातला कराड. बोनेट थंड. चालू केल्यावर तो डब्यातला आवाज आला, मिस्त्री तुम्ही म्हणाला तसाच, दोन सेकंद, मग गेला. टोपी थरथरली, उडाली नाही. धूर निळा नाही. फाईल उघडली, पंचेचाळीस पावत्या. हजेरीसारखं बघितलं. दीड लाखापर्यंत दर दहा हजाराच्या आत ऑइल, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला, नंतर गावातल्या गॅरेजला. एकच गैरहजेरी, २०२० चा मार्च ते ऑक्टोबर, ते लॉकडाऊन. काकांनी क्लच १,४०,००० ला बदललाय, त्याची पण पावती. काकांना विचारलं का विकताय, तर म्हणाले आता जायचं कुठं आहे, उंब्रजपर्यंत पण पोरगं सोडायला येतं.

यवतेश्वरचा घाट लांब पडला असता म्हणून तिथंच आगाशिवच्या बाजूला चढाला नेऊन आणली, एसी लावून. तापमानाचा काटा हलला नाही. एसी जरा मंद आहे. डावीकडच्या मागच्या दाराची काच खाली जाते पण वर यायला हातानं धरून आणावी लागते.

चेनचे पैसे कमी करा म्हटलं. २ लाख ६५ वर आले. एअरबॅगचं डोक्यात आहे, रात्री झोप त्याच्यामुळंच आली नाही नीट, पण ह्या पैशात ज्यात एअरबॅग आहेत अशा ज्या बघितल्या त्यांचे कागद धड नव्हते. आई मागं बसणार, तिथं बेल्ट लावायचा हा नियम घरात केलाय. आईनं तो आधीच धुडकावलाय.

मिस्त्री, एक सांगा, चेन लगेच करायची का दोन महिने चालवून? आणि टेन्शनर बरोबरच बदलायचा ना?

मिस्त्री_माधवनगर

लगेच. घरी न्यायच्या आधी. कराडातनं सरळ गॅरेजला. किट घेताना टेन्शनर, गाईड, चेनचे दोन्ही दातेरी गिअर सगळं एकदम घ्या, नुसती चेन टाकून देतो म्हणणाऱ्याकडं देऊ नका, जुन्या दात्यावर नवीन चेन टिकत नाही. ऑइल ५डब्ल्यू-३०, दुसरं जाड घालू नका कोण काय पण सांगू दे. इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर खोलल्यावर मिस्त्रीला म्हणा खालची जाळी मला दाखव, तिच्यात काळा गाळ नसला तर काकांची फाईल खरी.

काचेचं मशीन नका बदलू, रेघेत ग्रीस मारा आधी, त्यानंच होतंय बहुतेक.

हिशेबी_वाईकर

२,६५,००० अधिक चेन १५, नावावर आणि विमा धरा १५, टायरचं काय? चार अंकी आकडा असतो टायरवर, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. बघितला का?

कोरेगावचा_मास्तर

२३१८. म्हणजे २०१८ चे टायर. आता कळलं पन्नास हजार बाजूला का ठेवायला सांगितले ते.

गुरुवारी टोकन देतोय. काका म्हणाले आरटीओला मी स्वतः येतो बरोबर, गाडीला शेवटचं सोडून येतो.